मांडवातलं घोरणं

जेवताना कोणी बुक्कीने कांदा फोडला, की त्या झणझणीत वासासरशी मी मेहकरजवळच्या आमच्या गावच्या लग्नमांडवात जाऊन पोचते.

पंगतीत वाढता वाढता काका धाडकन पडले. त्यांना बाजेवर घेतलं, फोडलेला कांदा नाकाशी धरला. आई ओरडली, "वंदे, तू नर्सिंग शिकून राह्यली ना? पाह्य बरं त्याइले!"

आत्याची वंदा कॉलेजात पहिली यायची. ती वाकली. काकांच्या घशातून थांबून थांबून खर्र खर्र आवाज येत होता.

"श्वास चालू हाये," ती म्हणाली.

"रातभर जागले, आता घोरून राह्यले! झोपू द्या त्याइले," आत्या हसली. आम्हीही हसलो. पंगत पुन्हा बसली, मठ्ठा फिरला. घोरणं विरळ होत गेलं, तसं आम्हाला वाटलं, गाढ झोप लागली.

ते हृदय बंद पडल्यावरचे आचके होते, तेव्हाच छाती दाबायची असते, हे वंदाला पुढे नोकरीत कळलं.

आता ती आमच्याकडे आली आणि दुपारी माझे यजमान घोरू लागले, की हातातलं काम टाकून त्यांच्याजवळ जाऊन बसते. घोरणं थांबलं, की आम्ही दोघी एकमेकींकडे पाहतो.