घोंगडीवरचं रक्त

आमचं गाव जतकडं. पाऊस संपला की आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं घेऊन कृष्णाकाठच्या हिरव्या मुलखात उतरायचे. ऊस तुटून गेलेल्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात मालकानं धान्य द्यायचं, हा दोन्हीकडचा जुना व्यवहार. मी तासगावला कॉलेजात होते, बी.एस्सी.ला. घराण्यात एवढी शिकलेली मुलगी मी पहिलीच, आणि त्याचा मला ताठा होता. तो त्या वर्षी कामाला आला.

कुंडलच्या पुढं एका गावाच्या शिवारात आमचा तळ पडला होता. एका सकाळी तिथल्या विहिरीवरचा राखणदार मोटारीच्या खोलीजवळ बेशुद्ध सापडला. डोकं फुटलेलं, आणि मोटारीची केबल कुणीतरी तोडून नेलेली. त्याला सांगलीच्या दवाखान्यात पाठवून जमलेली माणसं तशीच आमच्या तळावर आली. आबांच्या घोंगडीवर आणि धोतरावर रक्त होतं.

"मेंढी अडली हुती," आबा म्हणाले. "हात घालून कोकरू काढलंय. त्येचं रगात हाय."

कोकरू तिथंच आईला लुचत होतं. त्याच्याकडं कुणी बघितलं नाही. परमुलखातला माणूस आणि अंगावर रक्त, एवढं त्यांना पुरलं. रानाच्या मालकानंच सगळ्यांदेखत सांगितलं, "ह्येनंच मारलाय."

आईचा फोन आला तशी मी मिळेल ती एस.टी. धरून पोलीस ठाण्यात पोचले. आबा भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. बाकावर मालक आणि माझे चुलते. त्यांचं आपसात ठरत आलं होतं.

"दवाखान्याच्या खर्चाचं बघू म्हणतोय आमी," चुलते मला बाजूला घेऊन म्हणाले. "हात जोडायचं, मिटवायचं. परक्या गावात कोरट-कचेरी झेपायची न्हाई."

"हात कशापायी जोडायचं? आबांनी काय केलंय?"

ते परत मालकाशेजारी जाऊन बसले. मी साहेबांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिले.

"साहेब, कपडे तपासणीला पाठवा. रक्त माणसाचं का जनावराचं, प्रयोगशाळेत कळतं."

"तू शिकवणार मला?"

"शिकवत न्हाई. मागतीय."

"आणि माणसाचं निघालं तर?"

मी आबांकडं बघितलं. ते जागेवरूनच म्हणाले, "निघू द्या. धाडा."

जप्त केलेले कपडे नियमाप्रमाणे तपासणीला जाणारच होते, हे मला पुष्कळ नंतर समजलं. तेव्हा वाटलं, मी एक लढाई मारली. एका हवालदारानं घोंगडी कोरड्या कागदावर पसरली, धोतराच्या डागांभोवती पेन्सिलीनं गोल काढले, दोन पंचांच्या सह्या घेतल्या, सगळं कागदात गुंडाळून लाखेचं सील मारलं. आबांच्या आणि राखणदाराच्या रक्ताचे नमुनेही गेले.

आबांना जामीन मिळाला, पण ठाण्यात हजेरी लावायची अट होती. राखणदार शुद्धीवर आला, पण त्या पहाटेचं त्याला काही आठवत नव्हतं. अहवाल येईपर्यंत मेंढरं आईनं हाकली. वस्तीजवळच्या पाणंदीनं जाताना बायका पोरांना आत ओढून घ्यायच्या, आणि आई मुद्दाम त्याच पाणंदीनं जायची.

अहवाल आला. घोंगडीवरचं रक्त मेंढीचं. धोतरावरचे डाग मात्र दोन तऱ्हेचे निघाले. बरेचसे मेंढीचे, आणि गुडघ्यापाशी एक माणसाच्या रक्ताचा, गट बी. राखणदाराचा गट बी. आबांचाही बी.

"सांगत हुतो मी," चुलते म्हणाले.

आबांना मी एकच विचारलं, "कुठं कापलं हुतं?"

त्यांनी डाव्या हाताचा अंगठा पुढं केला. त्या पहाटेच्या आदल्या दिवशी कळपातल्या शेळ्यांना बाभळीचा डहाळा तोडताना कोयता निसटला होता. जखम कधीच भरली होती, एक पांढरी रेघ तेवढी उरली होती. असल्या जखमा ते मोजत नसत, म्हणून सांगितलंही नव्हतं.

आमचे वकील समजुतीनं बोलले. "गट दोघांचा सारखा आहे. एवढ्यावर कोर्ट शिक्षा देत नाही. संशयाचा फायदा मिळून सुटतील ते."

"फायदा नको," मी म्हणाले. "संशयच नको. डीएनए तपासायला अर्ज करा."

"उलटं पडलं तर?"

"तुमी अर्ज करा, वकीलसाहेब," आबा म्हणाले. "माझं रगात मला ठावं हाय."

त्या उत्तराला फार वेळ लागला. माझी परीक्षा झाली, निकाल लागला, तरी कागद येईना. आला तेव्हा त्यात स्वच्छ लिहिलं होतं: गुडघ्यापाशी असलेला डाग आबांच्याच रक्ताचा. राखणदाराच्या रक्ताचा एक ठिपकाही कपड्यांवर नव्हता. आबांचं नाव प्रकरणातून निघालं.

मग एक दिवस मालक आमच्या घरी आला. नारळ आणि आईसाठी लुगडं घेऊन.

"झालं गेलं इसरा, वैनी," तो म्हणाला.

आईनं लुगड्याला हात लावला नाही. "साऱ्या गावाम्होरं म्हणलासा. साऱ्या गावाम्होरं सांगा, चुकलं म्हणून."

"आता कशाला उकरून काढायचं?"

"उकरलंसा तुमी. आमी न्हाई."

तो लुगडं घेऊन परत गेला. पण पुढच्या हंगामात आम्ही त्या गावाच्या देवळापुढं जाऊन बसलो. आई, आबा आणि मी. मेंढरं बाहेर रस्त्यावर, जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या खोळंबल्या. शेवटी मालक आला आणि पारावर उभा राहून बोलला. आवाज खाली होता, शब्द अडखळत होते. काहीजण मध्येच उठून गेले. पण बोलला.

लोक पांगल्यावर राखणदार आबांशेजारी येऊन बसला. डोक्यावरची खूण टोपीखालून दिसत होती.

"तुमी मारलं असंल असं मला कवाच वाटलं न्हाई," तो म्हणाला.

"मग बोलला का न्हाईस?"

त्यानं टोपी खूण झाकेल एवढी खाली ओढली. आबांच्या हातात तंबाखूची चंची होती. शेजारच्याला दिल्याशिवाय ते कधी खात नसत. त्या दिवशी त्यांनी एकट्यापुरतीच मळली आणि उठले.

राखणदाराला नेमकं कुणी मारलं, हे आजतागायत कळलेलं नाही. आमची मेंढरं दरसाल त्याच गावातून खाली उतरतात. दुसरी वाट आहे, जवळचीही आहे. आबा ती धरत नाहीत.