आत्याच्या होडीतला सातवा माणूस

आत्याच्या होडीतली नाहीकाकांची जागा मी विकून टाकली. बुकिंगचा फोन माझ्याकडे असतो. आदल्या संध्याकाळी एक बाई म्हणाल्या, "उद्या एखादी जागा आहे का हो?" आणि मी "आहे की!" म्हणून मोकळा झालो. सकाळी पाच पाहुणे लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून नदीकाठी उभे, आणि मागून नाहीकाका आले. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. ती जागा काकांसाठी राखलेली होती.

काका म्हणजे इथल्या मासेमारांचे म्होरके. "बरे आहात ना?" विचारलं तरी "नाही, बराय" म्हणणारे. पलीकडच्या वळणावर पाणमांजरांची बिळं आहेत. पिल्लं पोहायला शिकतात तेव्हा जाळ्यात गुरफटून बुडतात, म्हणून तेवढे दिवस तिथली जाळी उचला, असा माझ्या आत्याचा धोशा. काकांचं उत्तर ठरलेलं. आदल्या दिवशी मात्र पुढे अटही घातली. "नाही. आधी पिल्लं दाखव. उद्या येतो. नाही दिसली, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

आत्या पूर्वी शाळेचे गणवेश शिवायची. तिचं शिलाई मशीन अजून तिच्या नदीकाठच्या खोलीत खिडकीशी आहे. समोरच्या खुंट्यांवर ओली जॅकेटं आणि खाली रबरी बुटांची रांग. पाणमांजरं जाळी फाडायची आणि मासेमार त्यांना दगड मारायचे, त्या काळात ती एकदा काठावर जाऊन म्हणाली, "दगड ठेवा खाली. फाटलेली जाळी माझ्याकडे आणा, मी शिवून देते." तेव्हापासून शिवतेय. मग पाणमांजरं बघायला पाहुणे यायला लागले. होडी लहान, आत्या धरून सहाच माणसांची, इंजिन नाही, आणि जेवण पाळीपाळीने मासेमारांच्या घरी. कालपर्यंत दगड मारणारे आता पाहुण्यांना आग्रह करकरून वाढतात. पाण्यावर बोलून बोलून आत्याला कुजबुजायची सवय लागलीय. ओरडणारी आत्या परवडली असती. ही कानाशी येऊन झापते.

"कुणाला विचारून दिलीस जागा?" ती कानाशी आलीच.

"सात बसवू ना. एका माणसाने काय होतंय? कोण बघतंय?"

"पाणमांजर बघतंय. सातव्या माणसाने होडी खाली बसते आणि लाटा थेट बिळात जातात."

"मग त्या बाईंना म्हणू, उद्या या."

"त्यांनी रजा काढलीय. गाढवपणा तुझा आणि शिक्षा त्यांना?"

काका परत फिरायला निघालेच होते. आत्याने त्यांच्या हातात वल्ही ठेवली. "मी उतरते. तुम्ही न्या."

"नाही! मी आणि पाहुणे फिरवू?"

"मला जमतं, तुम्हाला नाही जमणार?"

काकांनी मिशीवरून हात फिरवला आणि होडीत चढले. आत्याने बोटाने दिशा दाखवली, पाहुण्यांना ओठांवर बोट ठेवून दाखवलं आणि होडी वळणाआड गेली.

मग सुरू झाला आमचा वनवास. आत्या बसली, उठली, पुन्हा बसली. हाताला काहीतरी हवं म्हणून एक जाळं शिवायला घेतलं आणि स्वतःच्या बाहीसकट शिवून टाकलं. "दिसली असतील का रे?" तिने विचारलं. मी म्हटलं, "काका गप्प बसले असतील तर." तिने सुई माझ्यावर उगारली.

तेवढ्यात वळणावरून आरडाओरडा. काका होडीत उभे! पाहुणे त्यांना शर्टाला धरून खाली ओढतायत!

"तीन! अगं, तीन पिल्लं! एक तर आईच्या पाठीवर! बुडतं काय, वर येतं काय, शिंकतं काय!"

"बसा आधी, पडाल!" आत्या चक्क ओरडली. मी जन्मात पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला.

होडी काठाला लागली. पाहुणे कोपरापर्यंत भिजलेले, चेहरे मात्र लग्नघरातल्यासारखे, आणि त्यांच्या पायाशी ओल्या जाळ्याचा हा ढीग. काकांचं जाळं. वळणावरचं. सगळ्यांनी मिळून ओढून काढलेलं. आत्याने एकदा जाळ्याकडे पाहिलं, एकदा काकांकडे, आणि बाहीला लोंबणाऱ्या जाळ्यासकट होडी काठावर ओढायला धावली.

"बाकीच्यांना मी सांगतो," काका म्हणाले. "पिल्लं मोठी होईपर्यंत तिकडे कुणी फिरकायचं नाही. पण एक हिशोब राहिला. जाळं काढताना त्यातला एक मासा त्या आईने पळवला. माझ्या डोळ्यांत डोळे घालून खाल्ला!"

"तो माझ्याकडे लागला. किती द्यायचे?"

"नाही, पैसे नकोत. मासा पाहिजे. तूच पकडलेला, आणि तेवढाच मोठा." काकांनी दोन्ही हात पसरून माप दाखवलं.

आत्याला अजून गळ टाकता येत नाही. काका मात्र भेटेल त्याला ती गोष्ट सांगतात, आणि दर खेपेला त्यांचे हात आणखी लांब पसरतात. परवा तर मला बाजूला सरकावं लागलं.