मेलेल्यांचा चहा

फौजीमामांच्या नेट कॅफेत शिरायचं तर आधी चपला एका रांगेत, टाचा भिंतीला लावून ठेवाव्या लागत. एखादी वाकडी दिसली की मामा तिच्या मालकाला भर लढाईतून उठवत. शेवगावात स्टँडमागच्या त्या गाळ्यात सहा कॉम्प्युटर होते आणि आम्ही कॉलेजची पोरं तिथे एकमेकांवर गोळ्या झाडतच पदवीधर झालो.

मामा बावीस वर्षं फौजेत होते. आमच्या पाठीमागे उभे राहून पडद्यावरचं युद्ध बघत आणि पोट धरून हसत. "गोळी लागली अन् पट्टी गुंडाळून पुन्हा पळतंय! लई दमाचं हाय गड्या तुझं शिपाई." खऱ्या लढाईबद्दल विचारलं की मात्र वायरी तपासायच्या निमित्ताने टेबलाखाली शिरत. डाव संपला की त्यांची हाक ठरलेली असे, "मेले आसतील त्येनी उठा, चहा आलाय!" पहिला कप मेलेल्यांना. जिंकलेल्यांनी थांबायचं, हा कॅफेचा कायदाच होता.

पुढे पुण्यात तिघा मित्रांबरोबर मी स्वतःच युद्धाचा गेम बनवायला घेतला. मामांचं ते हसणं डोक्यात बसलेलं. मामा हसणार नाहीत असाच गेम करायचा, असं मी ठरवून टाकलं. रायफल भरायला सात बटणं, तीही क्रमाने. नवे लोक येत आणि दहा मिनिटांत पळ काढत. मित्र म्हणत, सोपं कर. मी म्हणे, युद्ध सोपं असतं का? भांडण इतकं विकोपाला गेलं की दोघे नोकऱ्या शोधायला लागले. मी लॅपटॉप उचलला आणि शेवगाव गाठलं. मामा माझीच बाजू घेणार, याची मला बालंबाल खात्री होती.

मामा चष्मा लावून बसले. रायफल भरता भरता तीनदा मेले. चौथ्यांदा पाचव्या बटणापर्यंत पोचले आणि पुन्हा मेले. बावीस वर्षं रायफल वागवलेल्या माणसाला माझ्या 'खऱ्या' रायफलीतून एक गोळी सुटेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आरं, रायफल हात भरतो. त्याला इचारावं लागत न्हाई," मामा म्हणाले. "तू तर मला टायपिंगच्या परीक्षेला बसवलं." मग चष्मा काढून पुसत राहिले. "ते एका बटनात होऊ दे. अवघड करायचंच आसंल तर सोबतीचा पडल्यावर त्याला टाकून जाणं अवघड कर. तेवढंच खरं हाय. बाकी समदा खेळ." हे बोलताना ते टेबलाखाली शिरले नाहीत.

तसंच केलं. रायफल एका बटणात भरू लागली; पण पडलेल्या सोबत्याला ओढून आणल्याशिवाय पुढची टेकडी घेता येईना. नवखे टिकले, मुरलेल्यांनाही लढाई खरी वाटू लागली. मित्रही राहिले. आज माझं जे काही नाव आहे, ते मामांच्या त्या चार वाक्यांवर उभं आहे. हे त्यांना एकदा नीट सांगायचं राहून गेलं.

गेल्या वर्षी मामा गेले. तेराव्याला आम्ही सगळे जुने गडी त्यांच्या घरी जमलो. दारात चपला रांगेत लागल्या, टाचा भिंतीला. मामी चहा घेऊन आल्या. "घ्या रं पोरांनो," म्हणाल्या. कुणाचाच हात पुढे होईना. शेवटी मी एक कप उचलून मामांच्या फोटोपुढे ठेवला. मग आम्ही घेतला.