दहा फुटी फळी

रविवारची दुपार आहे, कॉलेज बंद आहे आणि फिजिक्सच्या प्रयोगशाळेत शालन एकटीच बसली आहे. किल्ली तिच्याकडेच असते. बावीस वर्षं ती इथे शिपाई आहे. मुलं यायच्या आत तराजू, गोळे, कप्प्या मांडायच्या आणि मुलं गेली की पुसून कपाटात ठेवायच्या. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी ती मुक्त विद्यालयातून बारावी देते आहे. बाकीचे विषय सुटले, फिजिक्समध्ये मात्र ती दोनदा नापास झाली. "मावशी, राहू द्या की आता," असं स्टाफरूममधलं कुणीतरी हसत म्हणालं, त्याच दिवशी तिनं तिसऱ्यांदा फॉर्म भरला. परीक्षा नऊ दिवसांवर आली आहे.

समोर बल आणि गतीचं प्रकरण उघडं आहे. उतरत्या फळीवर शंभर किलोचा ठोकळा, घसरेल की थांबेल? शालननं ठोकळा काढला आहे, वजनाचा खाली जाणारा बाण काढला आहे, फळीला काटकोनात दुसरा बाण काढला आहे. तिसऱ्यापाशी ती अडली आहे. घर्षणाचा बाण वर की खाली?

तेवढ्यात वीज जाते. पंखा दोन-चार गिरक्या घेतो आणि थांबतो. मिनिटभरच, असं म्हणत ती डोकं हातावर टेकवते. पेन बोटांतच आहे. मग बोटं कुठं संपतात आणि पेन कुठं सुरू होतं, ते कळेनासं होतं.

"वर काढ," कुणीतरी म्हणतं. "घसरणाऱ्याला धरून ठेवायचं म्हंजे वरच वडणार की ते."

बेसिनपाशी तिचे वडील, आबा, उभे आहेत. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पाठीवर बारदान. जाऊन एकोणतीस वर्षं झाली त्यांना. मार्केट यार्डात ते हमाल होते, हळदीची पोती पाठीवरून ट्रकमध्ये चढवायचे. शालनला त्यांना बघून दचकायला होत नाही. फक्त एवढंच वाटतं की हा माणूस आता आपल्याच वयाचा दिसतो.

"तुम्हाला काय कळतंय ह्यातलं?" ती म्हणते.

"शंभर किलो म्हणलीस न्हवं? मग मला न्हाई तर कुणाला कळणार?"

ती पेन खाली ठेवत नाही. "नववीतनं काढलं तुम्ही मला. बाई घरी आल्या होत्या सांगायला, पोरगी हुशार आहे म्हणून. त्यांना चहासुद्धा विचारला नाहीत."

"हायस्कूल लांब व्हतं. दिवस वाईट व्हते. भ्यालो मी."

"भ्यालात तुम्ही आणि घरी बसले मी."

आबा बेसिनचा नळ आवळून बघतात. नळ थेंब थेंब गळतो.

"ह्याला माफी नाही, आबा. सांगून ठेवते."

"मागाय न्हाई आलो."

"मग कशाला आलाय?"

आबा वहीवर वाकतात. चित्रातल्या तिरक्या रेषेवर बोट ठेवतात. "ही फळी बगायला."

फळ्याच्या जागी आता ट्रकचा मागचा भाग आहे, फाळका पाडलेला, खाली एक फळी आडवी पडलेली. टेबलांच्या रांगा जिथं होत्या तिथं पोत्यांच्या थप्प्या आहेत. अवकाळीची भुरभुर लागली आहे. हळदीच्या धुरळ्याचा पिवळा चिखल झाला आहे. शालनला ही सकाळ ठाऊक आहे, तिनं ती पाहिलेली नसली तरी. ह्याच सकाळी आबा पोत्यासकट फळीवरून खाली आले आणि पुन्हा उठले नाहीत. मुकादमानं सगळ्यांना सांगितलं, ज्ञानू हमाल पिऊन आला होता. कुणी म्हणालं, वय झालं होतं, पोतं झेपलं नाही. आईनं ते खाली मान घालून ऐकलं आणि मरेपर्यंत मान वर केली नाही. थोरला भाऊ, तिचा दादा, अजून आबांचं नाव घरात काढू देत नाही.

आजवर कुणी विचारलं नाही ते शालन विचारते. "प्यायला होतात का त्या दिवशी?"

"सांजच्याला घ्यायचो. सकाळी कदी न्हाई."

"मग पडलात कसे?"

"पाय गेला. सारी म्हणत्यात वजन झेपलं न्हाई. मलाबी तसंच वाटतंय. शेचाळीस झाली व्हती."

"वाटतंय म्हणजे काय? इथं वाटण्यावर मार्क मिळत नाहीत. चपला काढा, फळीवर उभे राहा."

आबा निमूट फळीवर चढतात. ह्या खोलीत बावीस वर्षं मुलांना करताना पाहिलंय तसंच ती करते. फळीचं एक टोक धरून हळूहळू उचलते. आबांसकट उचलते आणि ते तिला जड जात नाही. कडेला कोनमापक आहे, त्यावर ओळंब्याचा दोरा सरकतो आहे. दहा. पंधरा. सोळा. सतराला आबांचे पाय ओल्या हळदीवरून सुटतात आणि ते खाली येतात.

"आता पोतं घेऊन."

पोतं पाठीवर घेऊन आबा उभे राहतात. ती पुन्हा उचलते. पुन्हा सतराला पाय सुटतात.

"आसं कसं?" आबा पाठीवरचं पोतं चाचपतात. "शंभर किलो हाय की हे!"

"वजन खाली ओढतं, तेच वजन पाय फळीवर दाबूनही धरतं. दोन्हीकडं तेच, म्हणून कटतं." वहीत ती दोन्ही बाजूंचं वजन एकेका रेघेनं खोडते. "राहतो नुसता उतार. ट्रक किती उंच?"

"चार फूट."

"फळी?"

आबा पावसाकडं बघतात. "सोळा फुटी व्हती, ती मोडली. म्हैनाभर सांगत व्हतो मुकादमाला. त्यानं दहाची लावली."

शालन भराभर आकडे मांडते. सोळा फुटीला साडेचौदा अंश. दहा फुटीला साडेतेवीस. ती दोनदा ताडून बघते.

"सतराला पाय सुटतो, आबा. तुम्हाला साडेतेवीसवर चढवलं."

"पिऊन होता तो," मागून आवाज येतो. मुकादम आला आहे. डोक्यावर छत्री, पायात करकरीत कोल्हापुरी.

"या," फळीचं टोक ट्रकवर टेकवत शालन म्हणते. "चढा. पोतं नको, छत्री मिटा आणि मोकळ्या हातानं चढा."

मुकादम फळीच्या तोंडाशी येतो. एक पाऊल उचलतो, ओल्या लाकडाकडं बघतो आणि पाऊल मागं घेतो.

"चढा की! का, तुम्हीपण प्यालाय?"

तो छत्री आडवी धरून पोत्यांच्या थप्पीमागं जातो. परत येत नाही.

आबा फळीच्या टोकावर बसले आहेत. बराच वेळ पाय चोळत राहतात. मग म्हणतात, "आता कुणाला सांगणार हे? मुकादम मेला, अडत्या मेला."

"दादा आहे की. त्याची पोरं आहेत."

"आन् तुज्या त्या नववीचं?"

"ते नाही कटत."

आबा मान हलवतात. "नगं कटवूस. ते माज्याच नावावर ऱ्हाऊ दे." मग उठून फळीला हात घालतात. "सोड आता. ट्रक निघाला."

ती सोडत नाही. आबा पलीकडून ओढतात, ती अलीकडून. ओलं लाकूड तिच्या मुठीतून इंच इंच निसटत जातं.

पंखा गरगर फिरतो आहे. वहीची पानं फडफडत आहेत. तोंड पाण्यानं धुवावं म्हणून शालन उठते आणि टेबलावर हात टेकताच तिच्या तोंडून सीऽऽ निघतं.

अंगठ्याखाली तळहातात कुसळ शिरलं आहे. चांगलं पाऊण इंच लांब, जुनाट लाकडाचं. ती टेबलावरून हात फिरवून बघते. काळा कडप्पा, काचेसारखा गुळगुळीत. खुर्ची लोखंडाची.

कंपासच्या टोकानं ती कुसळ काढायला जाते, पण अर्ध्यात थांबते. उजवा हात तसाच ठेवून डाव्या हातानं फोन लावते. पाचव्या रिंगला दादा उचलतो.

"झोपलो होतो गं. काय झालं?"

"उठून बस," शालन म्हणते. "आबांचं बोलायचंय. आणि आज फोन ठेवायचा नाही."