धाकट्याने आधी बोलायचं

संचालक मंडळाच्या बैठकीत मला हमखास डुलकी लागते, आणि हे मी मुळीच लाजून सांगत नाही. ग्वाल्हेरच्या नया बाजारातल्या त्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत थंडीतल्या दुपारी ऊन आत येऊन टेबलावर पसरतं. खालून कापडवाल्यांचे आवाज येतात, कोणीतरी विषयपत्रिका वाचत असतं, आणि सगळं हळूहळू पाण्याखाली गेल्यासारखं होतं. अशा अर्धवट झोपेत मी कितीतरी ठरावांना मान डोलावली आहे. जागे राहिलेल्यांनी मान डोलावली त्यापेक्षा ती वाईट होती, असं कोणी मला दाखवून द्यावं.

मी वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात संचालक झाले. संस्था आमच्याच मराठी घरांनी काढलेली. आधी ती पोस्टाने धडे पाठवायची, पुढे सगळा कारभार ऑनलाइन झाला. वर्ग स्क्रीनवर, परीक्षा स्क्रीनवर, पदवी मात्र अजून जाड कागदावर. विद्यार्थी भिंड-मुरैन्यापासून कुठे कुठे पसरलेले. मंडळावर बसणारे आम्ही मात्र सगळे शहरातल्या लश्कर भागातले, एकमेकांची लग्नं-मुंजी पाहिलेले, एकमेकांच्या घरचं लोणचं कसं लागतं ते जाणणारे.

या मंडळाची एक रीत होती. कुठल्याही विषयावर सगळ्यात धाकट्याने आधी बोलायचं, मग त्याच्याहून मोठ्याने, आणि सगळ्यात शेवटी काकांनी. काका म्हणजे आमचे अध्यक्ष. ऐंशीच्या पुढचे, कानात यंत्र, गळ्यात मफलर, आणि आवाज एवढा मोठा की समोरचाच बहिरा आहे असं वाटावं. ते सांगत की त्यांच्या पणजोबांच्या वेळी फौजेच्या सल्लामसलतीत अशीच चाल होती. मोठा आधी बोलला की धाकटा त्याच्याच पाठीमागे हो म्हणतो, खरं मनात ठेवतो, आणि मग लढाईत पंचाईत होते. हे खरं किती ते देवाला ठाऊक. मला वाटतं, मंडळावर निम्मी घरं फौजेतली आणि निम्मी दरबारातली, एका बाजूचा आवाज मोठा, दुसऱ्या बाजूची वाक्यं लांब, त्यामुळे कोणा शहाण्याने भांडण टाळायला ती काढली असावी. काही असो, आमच्या अंगवळणी पडली होती. घरी जेवायला काय करायचं हेही मी आधी नातवाला विचारायचे.

तेव्हा मंडळावर सगळ्यात धाकटी होती ती शिंदे की छावनी या मोहल्ल्यातली एक मुलगी. मुलगी म्हणते, पण तिशी उलटलेली. संगणकाच्या कंपनीत नोकरी करायची. तिने आमच्याच संस्थेतून मराठीची पदवी घेतली होती. शाळा हिंदी, नोकरी इंग्रजी, आणि मराठी हौसेने मिळवलेली. बोलायला लागली की वाक्य मराठीत सुरू व्हायचं, मध्येच हिंदीच्या गल्लीत शिरायचं आणि कधीकधी तिकडेच राहायचं. काका तिला चिडवायचे, "तुझं वाक्य वाटेतल्या पडावावरच उतरलं वाटतं." ती हसायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. मला ती फार आवडायची.

आता तिची आई त्याच अभ्यासक्रमाला होती. नवरा जाऊन काही वर्षं झालेली, घरात या दोघीच. आईचं लग्न लवकर झालं, शिक्षण राहिलं. लेकीने फॉर्म भरला, लॅपटॉप उघडायचा कसा ते शिकवलं, आणि रोज संध्याकाळी दिवे लागले की ही बाई केस विंचरून, कपाळाला टिकली लावून स्क्रीनसमोर बसायची. झाशी, सागर, जबलपूर अशा गावांतल्या मराठी घरांतल्या बायका तिच्या वर्गात होत्या. धडा संपला तरी वर्ग संपायचा नाही. मी एकदा त्यांच्याकडे गेले तेव्हा पडद्यावर चौकटीचौकटीतून अंबाडीच्या भाजीवर चर्चा चालली होती आणि शिक्षिका बिचारी मधे मधे एखादी ओवी घुसवत होती. पदवीचं शेवटचं वर्ष तेवढं उरलं होतं.

आणि मग विलीनीकरण आलं. आमच्याच राज्यात, दक्षिणेकडच्या एका मोठ्या शहरातली मोठी संस्था आमच्यासारख्या लहान लहान संस्था एकत्र करत होती. कागदपत्रांत सगळीकडे 'सामावून घेणे' असा शब्द होता. मला त्या शब्दाचा राग यायचा. मोठ्या माशाला तोंड उघडताना असं गोड बोलता येत असतं तर त्यानेही हाच शब्द वापरला असता. पण आमच्याच्याने एकट्याने ते चालणार नव्हतं हेही खरं. आमचं मंडळ बरखास्त झालं. नव्या, एकत्र मंडळावर आमच्यापैकी तिघांना घेतलं. काका, मी आणि ती. अध्यक्ष त्यांचे.

पहिल्याच बैठकीच्या विषयपत्रिकेत होतं, कमी विद्यार्थी असलेले अभ्यासक्रम बंद करणे. त्यात मराठीची पदवी. चालू विद्यार्थ्यांना हिंदीच्या शाखेत सामावून घेण्यात येईल.

आम्ही तिघं आधी काकांच्या घरी जमलो. तिळाची गजक खात खात सगळं ठरवलं. तिने काय बोलायचं, मी काय बोलायचं, काकांनी शेवट कसा करायचा. तिने आपलं भाषण आम्हाला म्हणून दाखवलं, अगदी शुद्ध मराठीत, आणि मग तेच हिंदीत, कारण तिकडच्यांना मराठी कुठून कळणार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काका म्हणाले, "बस. एवढं बोललीस की आमचं काम फक्त हो म्हणायचं."

बैठकीच्या दिवशी धुकं होतं. दुपार झाली तरी किल्ला दिसत नव्हता, जिथे असायला हवा तिथे नुसता पांढरेपणा. नया बाजारातल्या जुन्या खोलीत आम्ही तिघं एकाच मोठ्या स्क्रीनसमोर बसलो. बाकीचे सगळे आपापल्या शहरांतून, आपापल्या चौकटीतून. कोणाचा आवाज तुटत होता, कोणाचं तोंड उघडं राहून चित्र थिजलं होतं. सगळे दुसऱ्या कुठल्यातरी जगातून, काचेपलीकडून आपल्याकडे पाहतायत असं मला वाटत होतं. माझी डुलकी कुठे फार लांब नव्हती.

नव्या मंडळात त्यांच्याकडचा एक तरुण होता. पंचविशीचा असेल नसेल, मिसरूड जेमतेम. त्याच्या मागे कुंडीत एक रोप होतं, आणि ते खरं की प्लास्टिकचं याचा मी बराच वेळ विचार करत होते.

आमचा विषय आला. नव्या अध्यक्षांनी तो वाचला आणि थांबले. आम्हीही थांबलो. मी त्या मुलाकडे पाहत होते. काका त्याच्याकडे पाहत होते. आमची मुलगी, भाषणाचा कागद हातात, माइकच्या बटणावर बोट, तीही त्याच्याकडेच पाहत होती. तो खाली कुठेतरी पाहत होता. खोलीत उबदार शांतता होती. खाली कोणीतरी कापडाचं थान उलगडत होतं, त्याचा फडफडाट ऐकू आला. मला मनापासून वाटलं, किती छान, त्या पोराला विचार करायला वेळ देतायत.

"किसी को आपत्ति? नहीं? बहुत अच्छा. सर्वसम्मति से पारित." अध्यक्ष म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले.

पुढचा विषय निम्मा होऊन गेला तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. काकांनी हातवारे केले, मी "अहो, अहो" म्हटलं, पण आमचा माइक बंद होता, आणि तो सुरू होईपर्यंत अध्यक्षांनी सांगितलं की झालेल्या विषयाकडे परत जाता येत नाही, पुढच्या वेळी इतिवृत्त कायम करताना बोला.

बैठक संपली. स्क्रीन काळी झाली आणि त्यात आम्हा तिघांचे चेहरे दिसायला लागले.

"काकू, मी तर त्याच्यासाठी रुकून राहिले होते," ती म्हणाली. "तो छोटा आहे ना माझ्याहून!"

काका म्हणाले, "मीसुद्धा." मग मला हसू फुटलं, भलत्या वेळी फुटतं तसं, आणि काकाही हसायला लागले. हसता हसता आम्ही तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. तिने भाषणाचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "आता आईला काय सांगू?"

तिच्याबरोबर मीही घरी गेले. एकटीने सांगणं तिला जमलं नसतं. आई मेथी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे पुढचं हिंदीत लिहायचं. लिहीन की. हिंदीत काय अवघड आहे मला? दुकान हिंदीत, दवाखाना हिंदीत, बँक हिंदीत." आणि मेथीकडे पाहत राहिली. त्या बाईने आरडाओरड केली असती तर मला बरं वाटलं असतं. मी चहा न घेताच निघाले, आणि घरी येऊन नातवावर उगाच डाफरले.

पुढच्या बैठकीपर्यंत काकांनी ती रीत मोडीत काढली. आम्हाला फोन करून म्हणाले, "जी चाल समोरच्याला माहीत नाही, ती चाल नव्हे, चूक आहे. ज्याला बोलायचंय त्याने बोलावं." ऐंशी ओलांडलेल्या माणसाला हे म्हणायला किती जड गेलं असेल ते मला त्याच्या आवाजावरून कळलं. त्या दिवशी फोनवर ते अजिबात ओरडत नव्हते.

इतिवृत्त वाचून झालं मात्र, आमच्या मुलीने माइक सुरू केला आणि कोणाकडेही न पाहता बोलली. कागद तिने काढलाच नाही. अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत, जसं सुचेल तसं. आईबद्दल बोलली, झाशी-सागरच्या बायकांबद्दल बोलली. ती थांबली आणि ज्याची आम्ही वाट पाहत बसलो होतो तो कुंडीवाला मुलगा एकदम बोलायला लागला.

"सर, पिछली बार मुझे भी ठीक नहीं लगा था. पर ग्वालियर के बड़े लोग चुप थे, तो मैं कैसे बोलता? हमारे घर में बड़ों से पहले नहीं बोलते."

तो आमच्यासाठी थांबला होता, आणि आम्ही त्याच्यासाठी. दोन्हीकडच्या सभ्यपणाच्या मधून ठराव सरळ निघून गेला होता. मला त्या परक्या पोराबद्दल एवढी माया वाटली की त्याचं रोप खरंच असणार असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

नवे अध्यक्ष वाईट माणूस नव्हते, घाईतले होते. थोडा खल झाला आणि त्यांनी मध्यम मार्ग काढला. नवे प्रवेश बंद. पण जे आत आहेत त्यांनी मराठीतूनच पूर्ण करावं, आणि त्यांच्यातला एकही विद्यार्थी बाकी असेपर्यंत वर्ग चालू राहील. काकांनी टेबलावर थाप मारली. ती मुलगी खुर्चीत मागे रेलून डोळे मिटून बसली.

वर्ष सरलं. परीक्षा झाल्या. निकाल लागला त्या संध्याकाळी मी पेढे घेऊन छावनीत गेले. दार लेकीने उघडलं. तिचा चेहरा पाहूनच मी पेढ्यांचा डबा पाठीमागे धरला. आईचे सगळे पेपर उत्तम होते, फक्त एका पेपरला अनुपस्थित.

"त्या दिवशी मी ऑफिसात होते," ती मला म्हणाली. "तबियत बिगडली होती का हिची? मला सांगितलंच नाही. मी त्या लोकांशी किती लढले, काकू!"

आई आत टेबलाशी बसली होती. केस विंचरलेले, कपाळाला टिकली, लॅपटॉप समोर. तिने वळून पाहिलं.

"तब्येतीला काही नव्हतं," ती म्हणाली. "मुद्दाम नाही बसले. सागरवालीही नाही बसली. आम्ही ठरवलं होतं. पास झालो की वर्ग बंद, तुम्हीच सांगितलं ना?"

"पण आई, डिग्री..." लेक म्हणाली. "उसके लिए ही तो सब कुछ..."

"पदवी घेऊन मी काय करू, बाळा? तू येतेस रात्री, थकलेली. बोलतेस चार शब्द, तेही असे." ती रागाने नाही म्हणाली. नुसतं जसं आहे तसं सांगितलं. "दिवसभरात मराठीत माझ्याशी कोण बोलतं? या बायका बोलतात. एक पेपर आहे, राहू दे. नियमात जितकी वर्षं बसतात तितकी तो तसाच ठेवीन."

लेक दाराशी उभीच राहिली. ओठ हलले, पण कोणत्या भाषेत बोलावं हेच तिला कळेना. तेवढ्यात पडद्यावर एकेक चौकट उजळायला लागली, आणि आई खुर्ची सरकवून म्हणाली, "ये, बस इथे. आज तूही बस."