पान उलटणारी भार्गवी

पद्मजाबाईंच्या हाताखालून गेलेलं पोर वाचायला शिकलं नाही, असं त्यांच्या पेठेत कधी घडलं नव्हतं. घरी तेलुगू बोलणारी, मागावर जाणाऱ्या आईबापांची पोरं पहिलीत येत. सुरुवातीला बाईंकडे नुसती टकामका बघत, आणि दिवाळीपर्यंत दुकानांच्या पाट्या वाचत सुटत. "बाईंनी दगडालाबी वाचायला लावलं असतं की!" असं शेजारच्या महादेवीकाकू सगळ्या सोलापूरभर सांगत. आणि या बाईंच्या पोटच्या पोरीला, भार्गवीला, वाचता येत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बरं, तो अंधार दिव्यालाही कितीतरी वर्षं दिसला नाही.

सगळा दोष बाईंना देऊन भागणार नाही. त्या घराची रीतच अशी, की वाचायचं ते मोठ्यानं. सासरे, आप्पा, मारुतीच्या देवळात श्रावणभर पोथी सांगत आणि नात मांडीला टेकून ऐके. पुढे आप्पा गेले. नवरा नोकरीपायी वापीला, दिवाळीला तोंड दाखवणारा. दोन खोल्यांत मायलेकी उरल्या. संध्याकाळी भार्गवी पोळ्या लाटे आणि बाई पाटावर बसून तिचे धडे वाचून दाखवत. तेवढाच घरात आवाज.

पोरीची बुद्धी कशी, तर एकदा ऐकलं की संपलं. आणि नुसतं पाठांतर नव्हे. एकदा बाई त्रिकोणाच्या कोनांचा धडा वाचत होत्या, तर हिनं पोळीच्या त्रिकोणी घडीची तीन टोकं मोडली आणि एकाशेजारी एक लावून म्हणाली, "बघ आई, सरळ रेघ झाली." बाई पोळीकडे बघतच राहिल्या. पण उत्तरपत्रिका हातात आली की त्याच पोरीचं अक्षर बघवत नसे. शब्द अर्धे, काने गायब, ओळी एकमेकींत घुसलेल्या. प्रगतिपुस्तकावर दर वर्षी तेच: हुशार, पण आळशी. बाईंनाही ते पटलेलं. एकच निबंध त्यांनी तिला पुन्हा पुन्हा लिहायला लावला. दर वेळी चुका निराळ्या. तेव्हाच खरं तर शंका यायला हवी होती. आली नाही, राग आला.

सातवीत असताना आप्पांच्या जागी भार्गवी पोथीला बसली. पोथी जुनी, सुट्या पानांची. पोरगी खणखणीत आवाजात सांगे आणि नेमक्या ठिकाणी पान उलटून बाजूला ठेवी. देवळातल्या बायका डोळे पुसत. बाई पुढेच बसलेल्या. आता पहिलीच्या बाईंना उलटं वाचायची सवय असतेच. पोराच्या समोर उभं राहून त्याची पाटी वाचावी लागते. त्यांचं लक्ष सहज पोरीच्या हातातल्या पानाकडे गेलं. पान होतं अकराव्या अध्यायाचं. पोरगी सांगत होती चौथा. गुरवानं पोथी बांधताना पानं मागेपुढे झाली होती, आणि भार्गवीला त्याचा पत्ताच नव्हता. ओळ संपली. तिनं गंभीरपणे पान उलटलं.

 बाईंनी हात जोडले आणि तशाच बसून राहिल्या.

घरी आल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. पेठेला वाचायला शिकवणारी बाई, आणि तिच्याच घरी हे? लाज पोरीची नव्हती, स्वतःची होती, पण त्या लाजेनंही तोंड तेवढंच बंद झालं. त्या दिवसापासून बाई जास्त वाचू लागल्या, घसा बसेपर्यंत. पोरगीही जास्त लक्ष देऊन ऐकू लागली. एकमेकींशी गोड वागायच्या दोघी. एवढ्याशा घरात इतकं एकटं राहता येतं, हे बाईंना तोवर ठाऊक नव्हतं.

दहावीची पहिली चाचणी झाली आणि भार्गवीचा अर्धा पेपर कोरा आला. आता दडवून भागणार नव्हतं. बोर्डाच्या परीक्षेला प्रश्न वाचून दाखवणारा, उत्तर उतरवून घेणारा लेखनिक मिळतो. पण त्यासाठी शाळेनं दवाखान्यात अध्ययन-अक्षमतेच्या तपासणीला पाठवावं लागतं. तो मिळाला नाही, तर एवढी बुद्धी दहावीच्या उंबऱ्यावर नापास होऊन घरी बसणार. बाई पोरीला घेऊन तिच्या हायस्कुलात गेल्या.

मुख्याध्यापक हिरेमठ सर हसले. "काय बाई, पोथी सांगणारी पोरगी ही! वर्गात शिक्षकांना प्रश्न विचारून घाम फोडते. हुशार पोरीला कसली सवलत? आणि खरंच वाचता येत नसेल, तर मग अ तुकडीत कशी ठेवू मी तिला? दोन्ही कसं जमेल, तुम्हीच सांगा की."

 भार्गवी शेजारी खाली मान घालून उभी होती.

"दोन्ही खरं आहे, सर. ती हुशार आहे आणि तिला वाचता येत नाही. पोथी ती वाचत नाही, तिला पाठ आहे. पान भलतंच असतं हातात. मी बघितलंय." आणि मग, थांबता आलं असतं तरी, "तीन श्रावण झाले."

सरांचं हसू मावळलं. खुर्ची पुढे सरकवत ते म्हणाले, "उद्याच तपासणीला पाठवतो. तुकडीचं बघू मागाहून." काम झालं होतं.

 रिक्षाथांब्याशी आल्यावर भार्गवी थांबली.

"तीन श्रावण?"

"हो."

"पान उलटताना मी दर वेळी तुझ्याकडे बघायचे. तुला कळलं तर नाही ना, म्हणून. आणि तू हात जोडून बसायचीस." तिचा आवाज चढला नाही. "मला वाटायचं, हे मला एकटीलाच माहीत आहे. तुला माहीत होतं, तर मला एकटीला का राहू दिलंस, आई?"

बाईंनी समोरच्या रिक्षाला हात केला.

त्या संध्याकाळी बाईंनी धड्याचं पुस्तक उघडलं, तर भार्गवी म्हणाली, "आज नको." बाईंच्या कपाटातलं पहिलीचं पुस्तक तिनं काढलं आणि बाहेरच्या खोलीत भिंतीशी जाऊन बसली. आत बाई पोळ्या लाटायला लागल्या. बाहेरून आवाज आला, पोथीचा नव्हे, निराळाच, चाचपडणारा. एक शब्द, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. मोठ्यानंच वाचत होती, आत ऐकू जावं इतकं.

एका शब्दापाशी ती अडली. बाईंचं लाटणं थांबलं. शब्द सोपा होता, त्यांच्या अगदी ओठांवर आला होता; पोरीनं नुसतं "आई" म्हणायची खोटी. तव्यावरची पोळी करपल्याचा वास सुटला. बाहेर भार्गवीनं दम घेतला आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.