सुपारीच्या टोपल्या आणि दोन सिनेमे

आमच्या घरी सिनेमा चांगला की वाईट हे सुपारी ठरवते. उन्हाळ्यात वाळलेल्या सुपाऱ्या सोलायला शेजारच्या चारपाच बायका आमच्या ओटीवर बसतात आणि समोर टीव्ही चालू असतो. सिनेमा रटाळ असला की टोपल्या भराभर भरतात. रंगला की हात थांबतात, टोपली रिकामी राहते. श्रीवर्धनात इतरांकडे काय चालतं मला ठाऊक नाही, आमच्याकडे मात्र या मापापुढे कोणाचं काही चालत नाही.

माझ्या कॉलेजच्या दिवसांतला एक विनोदी सिनेमा आहे. परीक्षा चुकवायला एक मुलगा पायाला खोटं प्लास्टर बांधतो आणि गॅदरिंगमध्ये नाचायची वेळ आली तरी त्याला ते काढता येत नाही. माणगावला मावशीकडे राहून शिकत होते तेव्हा मी तो इतक्यांदा पाहिला की कॅसेटची फीत झिजली. आता त्याच गोष्टीवर नवा सिनेमा आलाय, माझ्या लेकीचा लाडका, आणि त्यात प्लास्टर मुलगी बांधते. मी तो न बघताच त्याला नावं ठेवली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे कबूल करते.

लेक पुण्याला शिकते. सुट्टीला आली ती कानात हेडफोनचे बोळे घालूनच वावरत होती. एके दिवशी जेवताना म्हणाली, "आई, मी आठ दिवस आधीच परत जाते. इथे करू काय?" मला ते फार लागलं. पण रडणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून मी भांडण काढलं.

"पैज लाव. दोन दिवस दोन सिनेमे. माझ्या सिनेमाला हात थांबले तर तू पूर्ण सुट्टी राहायचंस. तुझ्या सिनेमाला थांबले तर मी स्वतः तुला बसमध्ये बसवून देते. आणि सोलायला तूही बसायचं."

"चालेल. मी तिकीट काढूनच ठेवते," ती म्हणाली.

पहिल्या दुपारी माझा सिनेमा लागला. बायका विनोद यायच्या आधीच हसायला लागल्या. सगळ्यांना तो पाठ. मान वर करायचीही गरज नव्हती, त्यामुळे हात सपासप चालले आणि टोपल्या शिगोशीग भरल्या. माझी तर सगळ्यांत आधी भरली. तीस वर्षं गणित शिकवलं आणि इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. पुरावा म्हणून मी प्रत्येकीची टोपली बाजूला ठेवली, पण माझा धीर सुटला होता.

दुसऱ्या दुपारी मी नाक मुरडूनच बसले. पहिला अर्धा तास माझे हात छान चालले. मग गॅदरिंग आलं. माझ्या सिनेमातली नायिका शेवटपर्यंत त्या मुलाचं दप्तर उचलते आणि शेवटी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवते. ते मला कधी खटकलंच नव्हतं. इथे ती मुलगी स्टेजवर आली, खुर्चीवर बसली, सगळ्या कॉलेजसमोर आपलं खोटं सांगितलं आणि स्वतःच प्लास्टर कापलं. मग आखडलेल्या पायाने वेडीवाकडी नाचली. माझ्या हातातली सुपारी हातातच राहिली. बाकीच्या बायकांच्या टोपल्याही अर्ध्याच.

"सकाळची पहिली बस हं, आई," लेक म्हणाली.

मी बरं म्हटलं. समोर टोपल्या दिसत असताना वाद काय घालणार?

तेवढ्यात आमच्यातल्या सर्वांत थोरल्या काकी उठल्या. "थांब गो बाय. तुजी कालची टोपली कुठं हाय?"

काकींनीच ती ओढून पुढे आणली. आत मोजून सात सुपाऱ्या. आजची टोपली मात्र पाऊण भरलेली.

"काल मला सोलता येत नव्हतं," लेक म्हणाली.

"आनी एका रातीत शिकलीस व्हय? आमाला त्यो शिनेमा पाठ हाय, आमचं सोड. पैज तुमची दोघींची. आईचे हात तुज्या शिनेमाला थांबले, तुजे आईच्या. आईनं लावला त्यो तुज्यासाठी, आमच्यासाठी न्हाय."

लेक मान खाली घालून बसली. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते की काय, पण ती हसत होती. "तो प्लास्टर घालून विहिरीचं पाणी ओढतो ना, आणि पोहऱ्यामागोमाग स्वतःच आत जातो. काल तिथे मी मेलेच होते हसून. तुला कळू नये म्हणून तोंड फिरवलं."

"म्हणजे हरलीस," मी म्हटलं.

"तूही हरलीस."

"मी हरले तर हरले. तू राहायचंस."

तिने फोन काढला आणि सगळ्यांच्या देखत तिकीट रद्द केलं. आयुष्यात मी बक्षिसं घेतली आहेत, शाळेत सत्कारही झालाय, पण इतक्या ताठ मानेने मी कधी बसले नव्हते. काकींनी विचारलं, उद्या काय लावायचं. लेक म्हणाली, "आई सांगेल ते."